शेवटची दोन मतं

“जरा मोठ्यानं बोल, जोएल,” माझे सासरे म्हणाले. “मला कमी ऐकू येतं आणि शेरीफला कमी कळतं.”

कोर्टाच्या ओट्यावर जमलेली माणसं हसली. शेरीफ मॅडॉकही हसला, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. मी टोपी हातात धरून टेबलासमोर उभा होतो. टेबलापलीकडे दोन खुर्च्या होत्या. एकीत माझे सासरे, थिऑफिलस ग्रीअर. वय सहासष्ट, काउंटीचे न्यायाधीश, आणि तेवीस वर्षं काउंटीचे विधानसभेतले प्रतिनिधी. सगळे त्यांना स्क्वायर म्हणत. दुसऱ्या खुर्चीत माझा मित्र एनॉक रीड. कातडी कमावण्याचा धंदा, वय चौतीस, निवडणुकीला पहिल्यांदाच उभा. काळ्या कोटात तो असा अवघडून बसला होता की कोटच त्याला घालून बसलाय असं वाटावं.

“जोएल पेटन, जमीनधारक,” शेरीफ म्हणाला. “मत कुणाला?”

“एनॉक रीड यांना.”

सतराशे नव्याण्णव सालचा एप्रिल होता. व्हर्जिनियात तेव्हा मताला ना कागद होता ना पेटी. टेबलासमोर उभं राहायचं आणि दोन्ही उमेदवारांच्या तोंडावर एकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो उठून उभा राहणार, मान झुकवून आभार मानणार, आणि दुसऱ्यानं चेहरा सरळ ठेवायचा. हा बोलण्याचा हक्क ज्याच्या नावावर जमीन आहे अशा गोऱ्या पुरुषालाच. बायका, भूमिहीन आणि गुलाम यांनी फक्त ऐकायचं.

एनॉक उठला. “आभारी आहे, मिस्टर पेटन,” तो म्हणाला. दहा वर्षं मी त्याच्याकडून कातडी घेऊन खोगिरं शिवत होतो. मला मिस्टर म्हणायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

“उच्चार स्पष्ट होता,” स्क्वायर म्हणाले. “रविवारी जेवायला ये. मटणाचा चांगला मोठा तुकडा वाढतो, म्हणजे पुढच्या खेपेला जीभ जड होईल.”

परत सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. त्यांनी रागावायला हवं होतं असं मला वाटत होतं. माणूस रागावला की त्याच्याविरुद्ध उभं राहणं सोपं जातं.

मत देऊन झाल्यावर मी टेबलाच्या टोकाशी जाऊन बसलो. दोन्ही बाजूंचा एकेक कारकून तिथे बसे आणि मतांची यादी लिही. आमच्या बाजूचा मी होतो.

आमची बाजू म्हणजे रिपब्लिकन. स्क्वायरांची फेडरलिस्ट. तेव्हा पक्ष हा शब्द लोक शिवीसारखा वापरत. आम्हाला विचाराल तर आम्ही पक्ष नव्हतोच, पक्ष ते होते. त्यांना विचाराल तर उलट. त्यांना देशाचं सरकार भक्कम हवं होतं, आम्हाला ते आमच्या मानेवर नको होतं. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी कायदा केला की सरकारची बदनामी छापणाऱ्याला तुरुंग. शेजारच्या जिल्ह्यातला एक छापखानेवाला त्यात सापडून चार महिने आत होता. तेव्हापासून टोपीला काळ्या फितीचं फूल, म्हणजे फेडरलिस्टांची खूण, लावलेला माणूस दिसला की आम्ही रस्ता बदलायचो. शेरीफ मॅडॉकच्या टोपीला ते फूल होतं आणि पशाएवढं होतं.

काउंटीच्या दोन जागांपैकी एकीवर भांडण नव्हतं. दुसरीवर स्क्वायर होते. त्यांना हलवायचं म्हणजे त्यांच्याइतका भला माणूस हवा, हे मीच आमच्या मंडळींना सांगितलं आणि एनॉकचं नावही मीच पुढे केलं. तो तयार नव्हता.

“मी दर शनिवारी त्यांच्या ओसरीवर सोंगट्या खेळायला जातो,” तो म्हणाला होता. “मग शनिवारी काय करू?”

“खेळ की. निवडणूक बुधवारी आहे.”

त्यानं जाऊन आधी स्क्वायरांनाच विचारलं. ते म्हणाले, “उभा राहा. तेवीस वर्षांत माझ्यासमोर कुणी धड माणूस उभाच राहिला नाही, मला कंटाळा आलाय.” असा तो उभा राहिला.

दुपारी मतदान थोडं थंडावलं तसे मी आणि एनॉक पाय मोकळे करायला कोर्टामागच्या तबेल्याकडे गेलो. माझी बायको हेस्टर तिथल्या झाडाखाली सफरचंद भरलेले पाव विकायला बसलेल्या बायकांत होती. ती स्क्वायरांची एकुलती एक लेक. नवरा एका बाजूला आणि बाप दुसऱ्या, तरी तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. फक्त सकाळी गाडीत बसताना म्हणाली होती, “आज संध्याकाळी तुम्ही दोघं एकाच गाडीतून घरी यायचंय, एवढं लक्षात ठेव.”

“मघाशी स्क्वायर मला म्हणाले,” एनॉक खूश होऊन सांगत होता, “‘एनॉक, संध्याकाळी माझं नाव नीट घे, थिऑफिलस म्हणताना अर्ध्या काउंटीची बोबडी वळते.’ मी घरी चार वेळा म्हणून पाहिलंय.”

त्याच्या बोलण्याचा अर्थ सांगायला हवा, कारण आजच्या पोरांना तो ठाऊक नाही. आमच्याकडे रीत होती. दिवसभर सगळ्यांची मतं झाली की सूर्य मावळायच्या आधी दोन्ही उमेदवार टेबलासमोर येत आणि एकमेकांना मत देत. आधी वयानं मोठा, मग धाकटा. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घेणं हलकं समजत. मत इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. बेरजेला फरक पडत नसे. पण काउंटीतली माणसं त्यासाठी थांबून राहत, कारण दिवसभराची भांडणं तिथे मिटत.

“आकडा काय आहे?” एनॉकनं विचारलं.

“एकशे अठरा, एकशे चौदा. ते पुढे आहेत.”

“मग हरलो,” तो म्हणाला, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्याच्या आवाजात सुटकाच होती.

पण चारनंतर खोऱ्यातल्या वरच्या अंगाचे जर्मन शेतकरी आले. मीच घोडेस्वार पाठवून आणवले होते. एकामागून एक ते टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांच्या जाड उच्चारात एनॉकचं नाव घेत गेले. एनॉक उठत होता, बसत होता, उठत होता. साडेपाचला मी यादी मोजली. परत मोजली. एकशे एकतीस, एकशे एकतीस. समोर स्क्वायरांचा कारकूनही तेच मोजत होता. त्यानं कागद उचलून स्क्वायरांच्या पुढे धरला. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि मान हलवली.

आता कुणी उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त उमेदवारांची दोन मतं, आणि ती पडली की एकशे बत्तीस, एकशे बत्तीस. समसमान झालं तर निकाल शेरीफच्या मतावर, असा कायदा. शेरीफच्या टोपीवरच्या काळ्या फुलाकडे मी पाहिलं.

मी एनॉकला खुणेनं उठवलं. तबेल्यामागे नेलं.

“ते तुझं नाव घेतील,” मी म्हणालो. “तू त्यांचं घेऊ नकोस.”

त्याला आधी कळलंच नाही. “मग कुणाचं घेऊ?”

“तुझं स्वतःचं.”

“वेड लागलंय का तुला?”

“समान झालं की मॅडॉक त्यांना निवडणार. तू त्यांचं नाव घेतलंस तर आत्ता, इथे, आपण हरलो. एका वाक्यानं हरलो.”

“मग हरू,” तो म्हणाला. “रीत आहे ती.”

“तिकडे एक माणूस चार महिने तुरुंगात बसलाय, एनॉक. दोन ओळी छापल्या म्हणून. त्याला सांगशील, रीत होती?”

“त्याला स्क्वायरांनी नाही बसवलं.”

“त्यांच्या पक्षानं बसवलं.”

“आणि आपला पक्ष म्हणजे कोण? तू आणि मी, तबेल्यामागे?”

तो असं कधी बोलत नसे. मला राग आला. मी त्याला म्हणालो, ते जर्मन लोक पेरणी सोडून दहा मैल तुझ्यासाठी आले, ते तुझ्या चांगुलपणाचं कौतुक बघायला नव्हे. आणखीही बरंच म्हणालो. देश, स्वातंत्र्य, पुढच्या पिढ्या. मला बोलता येत होतं आणि त्याला येत नव्हतं. माझा विजय एवढाच होता. खरं सांगायचं तर त्या घटकेला माझ्या डोळ्यांसमोर छापखानेवाला नव्हता. एकशे एकतीस हा आकडा होता.

एनॉकनं बुटाच्या टोकानं माती उकरली.

“स्वतःचं नाव मी घेणार नाही,” शेवटी तो म्हणाला. “जीभच वळणार नाही माझी. फार तर गप्प राहीन.”

“गप्प राहिलास तरी पुरे,” मी म्हणालो.

शेरीफनं ओट्याच्या पायरीवर उभं राहून तीनदा पुकारा केला. कुणी जमीनधारक उरलाय का. कुणी नव्हता. सगळी गर्दी ओट्याजवळ सरकली. मागे झाडाखालच्या बायकाही उठून आल्या. त्यांत हेस्टर होती.

“थिऑफिलस ग्रीअर, जमीनधारक,” शेरीफ म्हणाला. “मत कुणाला?”

स्क्वायर काठी टेकत टेबलासमोर आले. आकडा त्यांना माहीत होता. आपल्या तोंडून निघणारं नाव समोरच्याला एका मतानं पुढे नेणार, हे त्या ओट्यावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही.

“एनॉक रीड,” ते म्हणाले. “चांगला माणूस आहे. सोंगट्या वाईट खेळतो.”

एनॉक उठला. ओठांतल्या ओठांत त्यानं आभार मानले. स्क्वायर परत जाऊन खुर्चीत बसले. मी लिहिलं: एकशे बत्तीस.

“एनॉक रीड, जमीनधारक. मत कुणाला?”

एनॉक टेबलासमोर आला. आणि स्क्वायर उठू लागले. त्यांच्या गुडघ्यांत वात होता, उठायला वेळ लागे, म्हणून नाव कानावर पडायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली होती. एक हात काठीवर, दुसरा खुर्चीच्या हातावर.

एनॉकनं माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे पाहिलं.

“मला मत द्यायचं नाही,” तो म्हणाला.

“मोठ्यानं,” शेरीफ म्हणाला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

“मला मत द्यायचं नाही, शेरीफ.”

स्क्वायर अर्धे उठलेले होते. ना उभे, ना बसलेले. सगळी काउंटी त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं ते परत बसतील. ते बसले नाहीत. तसेच नेटानं पुरते उभे राहिले, कोट खाली ओढला आणि म्हणाले, “बसून बसून पाठ धरलीय. कुणी मनावर घेऊ नका.”

मग ते एनॉकपाशी गेले आणि त्याचा हात हातात घेऊन त्यांनी त्याचं अभिनंदन केलं. निकाल अजून पुकारलाही नव्हता.

आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. कुणीतरी रमचं पिंप फोडलं. मला दोघांनी खांद्यावर घेतलं आणि मी हसत होतो. एनॉक कुठे गेला ते मी पाहिलं नाही.

गाडी मी हाकत होतो. शेजारी हेस्टर, मागे घोंगडी पांघरून स्क्वायर. अर्धा रस्ता सरला.

“हे एनॉकला सुचणं शक्य नाही,” हेस्टर अचानक म्हणाली. “कुणी सांगितलं त्याला?”

“मला काय माहीत?”

“त्याच्या शेजारीच तर बसला होतास.”

“मी आकडे लिहीत होतो,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मागून स्क्वायरांचा आवाज आला, “जाऊ दे, पोरी. मत द्यायचा हक्क आहे तसा गिळायचाही आहे. घोड्याला जरा सावकाश घे, जोएल, माझे गुडघे दुखतात.”

त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. त्यांना संशय आला नव्हता म्हणून विचारलं नाही, की आला होता म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

काउंटीनं मात्र विचार केला आणि निकाल दिला. एनॉकला सगळे मुका रीड म्हणू लागले. ज्याच्या ओसरीवर बसला त्याच्यापुढेच तोंड शिवलं, असं म्हणत. फेडरलिस्ट घरांनी आपली कातडी दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली, आणि आमच्यातल्याही काहींना तो नकोसा झाला. जिंकलेली जागा हवी होती, जिंकून देणारा नको होता. त्याचे शनिवार संपले. मी दर रविवारी स्क्वायरांच्या टेबलावर जेवत होतो. करून सवरून मी नामानिराळा राहिलो.

एनॉक विधानसभेत बसायला रिचमंडला गेला. तिथे आमच्या बाजूची माणसं इतकी होती की तो एक नसता तरी पानही हललं नसतं. एक वर्ष बसून तो परत आला आणि पुन्हा उभा राहिला नाही. पुढल्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी ठणठणीत आवाजात आपापली नावं घेतली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्यापुढची निवडणूक मी स्वतः लढवली, आणि मीही तेच केलं.

एनॉक या सगळ्यात कधी म्हणाला नाही की जोएलनं मला सांगितलं. मी त्याला एकदा त्याच्या कारखान्यात गाठून म्हणालो, “मी सांगून टाकतो लोकांना.” तो कातडं खरवडत होता. म्हणाला, “बघ बाबा, तुला जमेल तसं. गप्प तर मीच राहिलो.” मला तेवढंच पुरलं. त्यानं मला सोडवलं असं मी धरून चाललो. त्यानं तसं काही म्हटलं नव्हतं.

अठराशे दोनच्या फेब्रुवारीत स्क्वायर गेले. छातीत कफ झाला होता, आठ दिवसांत आटोपलं. त्यांना बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं आणि सकाळपासून माणसं येऊन बघून जात होती. दोन्ही बाजूंची. काळ्या फितीवाले आणि आम्ही एकाच खोलीत टोप्या हातात घेऊन उभे होतो.

दुपारी दार वाजलं. हेस्टरनं उघडलं. बाहेर बर्फात एनॉक उभा होता. तोच काळा कोट. तीन वर्षांत तो बराच वाळला होता.

“हेस्टर,” तो म्हणाला, “मी एकदा बघून जातो. थांबत नाही.”

हेस्टर दारातून हलली नाही. ती बडबडी बाई नव्हे, पण त्या दिवशी तिनं बोलून टाकलं. “ते तुझ्यासाठी उठून उभे राहत होते,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. तू त्यांना तसंच ठेवलंस. आता ते उठणार नाहीत, आता कशाला आलास?”

एनॉकनं टोपी काढली. तिच्या खांद्यावरून त्यानं आत पाहिलं. मी तिच्या मागे चार पावलांवर उभा होतो. त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्या नजरेत आरोप नव्हता. मागणी होती, आणि ती फार मोठी नव्हती. एक वाक्य. ‘मी सांगितलं होतं त्याला, हेस्टर.’ एवढंच. तो आत आला असता, स्क्वायरांच्या पायाशी दोन मिनिटं उभा राहिला असता आणि गेला असता. माझं काय झालं असतं? काही दिवस बायको बोलली नसती. आमच्या लोकांनी खासगीत पाठ थोपटली असती, त्यांच्या लोकांनी चारचौघांत तोंड फिरवलं असतं. मरत नाही माणूस त्यानं.

खोलीतले सगळे दाराकडे बघत होते. मी पुढे झालो. हेस्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

“थंडी वाढतेय, एनॉक,” मी म्हणालो. “तू घरी जा.”

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग डोक्यावर टोपी चढवली आणि पायऱ्या उतरून गेला. त्या वसंतात तो कारखाना विकून केंटकीला निघून गेला, आणि तिथेच कधीतरी वारला असं मला एका फेरीवाल्याकडून कळलं. हेस्टरनं पुढे अठ्ठावीस वर्षं माझ्यासोबत संसार केला. तिला मी हे सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही.

दार लावून घेताना तिचे डोळे भरले होते. तिनं माझा खांद्यावरचा हात धरला आणि घट्ट दाबला.

“बरं झालं तू बोललास,” ती म्हणाली. “मला एकटीला ते झेपलं नसतं.”